सूर कोणी लावला?

मेलोडाइन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये गायकाचा ट्रॅक उघडला की पडद्यावर आडव्या रेघा दिसतात. त्या रेघांवर, आणि बरेचदा दोन रेघांच्या मध्येच कुठेतरी, जाडसर ठिपके असतात. एकेक ठिपका म्हणजे गायकानं लावलेला एकेक स्वर. ठिपक्याच्या पोटातून एक बारीक नागमोडी रेघ जाते. आवाज त्या स्वरात शिरताना किती खालून आला, मध्ये किती हलला, सोडताना कुठे घसरला, ते सगळं तिच्यात दिसतं. ठिपका माउसनं धरून वर उचलला की स्वर चढतो, खाली ओढला की उतरतो. दुसऱ्या एका अवजारानं स्वराचं हलणं कमी-जास्त करता येतं, तिसऱ्यानं घसरता स्वर सरळ करता येतो. चार-पाच मिनिटांच्या गाण्यात असे शेकडो ठिपके असतात आणि हिंदी-मराठी चित्रपटगीतांच्या धंद्यात ते एकेक करून तपासणं हे आता मिक्सिंगइतकंच रोजचं काम झालं आहे. ते करणारा माणूस बहुधा स्टुडिओतला एखादा तरुण ध्वनिमुद्रक असतो, नाहीतर संगीतकाराचा प्रोग्रॅमर. गाण्याच्या श्रेयनामावलीत गीतकार, संगीतकार, गायक, वादक असतात. मिक्सिंग आणि मास्टरिंग करणारेही हल्ली असतात. ठिपके हलवणारा मात्र क्वचितच सापडतो.

स्वरदुरुस्तीवरचा वाद गेली पंचवीसेक वर्षं दोनच खुंट्यांना बांधलेला आहे. एक पक्ष म्हणतो, ही फसवणूक आहे. ज्याला गाता येत नाही त्याला यंत्र गायक करतं. दुसरा म्हणतो, त्यात काय एवढं? नट मेकअपशिवाय कॅमेऱ्यासमोर उभा राहतो का? हे दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात: 'बरोबर' स्वर आधीच ठरलेला आहे आणि यंत्र आवाजाला तिथे नेऊन पोचवतं. भांडण आहे ते तसं पोचवणं योग्य की अयोग्य एवढ्यावर. माझ्या मते गृहीतच चुकलेलं आहे. बरोबर स्वर कोणता, हे दर ठिकाणी कोणाला तरी ठरवावं लागतं आणि ते ठरवणं हे गाण्याचंच काम आहे. ते करणाऱ्याचं नाव आपण दडवून ठेवतो आणि म्हणून सगळा प्रकार फसवणुकीसारखा वाटतो. पार्श्वगायनाच्या बाबतीत नेमका हाच गुंता आपल्याकडे एकदा झाला होता आणि तो सुटलाही. त्याकडे वळण्याआधी यंत्राकडे जरा बारकाईनं पाहायला हवं.

'ऑटो-ट्यून' बनवणारे अँडी हिल्डेब्रँड हे मूळचे भूभौतिकशास्त्रज्ञ. सुरुंगाच्या धक्क्यानं जमिनीत लहरी सोडायच्या, खालच्या थरांवरून परतणारे पडसाद टिपायचे आणि गणितानं त्यांतून तेल कुठे असेल ते हुडकायचं, हा त्यांचा व्यवसाय. एक्झॉन कंपनीत काम, मग स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी, मग ते सगळं सोडून संगीतरचनेचं शिक्षण. १९९७ साली त्यांच्या अँटारेस कंपनीनं ऑटो-ट्यून बाजारात आणलं. त्यामागचं गणित तेलाच्या शोधात वापरलं जाणारंच होतं. आवाजाच्या लहरीची नक्कल मूळ लहरीवर थोडी थोडी सरकवत जायची. जिथे दोन्ही पुन्हा जुळतात तिथे एक आवर्तन पुरं झालं. सेकंदाला ४४० आवर्तनांचा स्वर असेल तर ही जुळणी साधारण सव्वादोन मिलिसेकंदांनी होते. आवर्तनाची लांबी कळली की स्वर कळला. तो हवा तेवढा चढवायचा किंवा उतरवायचा, तोही गाणं चालू असतानाच. एवढं करूनही यंत्राला कळतं ते आवाज आत्ता कुठे आहे इतकंच. तो कुठे असायला हवा, हे वापरणाऱ्यानं सांगायचं असतं: पट्टी कोणती, सप्तकातले कोणते स्वर घ्यायचे, तिथे किती वेगानं पोचायचं. काहीच सांगितलं नाही तर ते पेटीचे बारा स्वर प्रमाण मानतं आणि त्यांतल्या जवळच्या स्वराकडे आवाज ओढतं. म्हणजे न सांगणं हाही एक निर्णयच होतो. फक्त तो कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं तुमच्यासाठी आधीच घेऊन ठेवलेला असतो.

स्वरावर किती वेगानं पोचायचं ते ठरवणारी खुंटी शून्य ते चारशे मिलिसेकंदांपर्यंत फिरते. मंद ठेवली तर आवाज सावकाश स्वरावर येतो आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. शून्यावर आणली की आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर टाणकन उडी मारतो, मधला प्रवासच उरत नाही. १९९८ च्या ऑक्टोबरात आलेल्या शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह' या गाण्यात हा परिणाम मुद्दाम वापरला होता आणि ते गाणं जगभर वाजलं. पुढची हकीगत मला जास्त बोलकी वाटते. १९९९ च्या फेब्रुवारीत 'साउंड ऑन साउंड' या ध्वनिमुद्रणाच्या नियतकालिकानं गाण्याच्या निर्मात्यांना हा आवाज कसा काढला असं विचारलं, तेव्हा त्यांनी भलत्याच यंत्राचं नाव सांगितलं. ऑटो-ट्यूनचा उल्लेख टाळला. व्यवसायाचं गुपित म्हणून टाळला असेल, पण या यंत्राचं पहिलं जगप्रसिद्ध गाणं आणि त्यावरचं पहिलं पांघरूण असे दोन्ही एकदमच आले.

लपवण्याचा खटाटोप या उघड परिणामापुरता फार दिवस टिकला नाही. टी-पेन या अमेरिकी गायकानं २००५ पासून खुंटी शून्यावर ठेवूनच गाणी केली, रॅपर कान्ये वेस्टनं २००८ साली अख्खा अल्बम तसा केला. रॅपर जे-झीनं २००९ मध्ये ऑटो-ट्यूनचं मरण जाहीर करणारं गाणं काढलं आणि 'टाइम' साप्ताहिकानं २०१० साली पन्नास सर्वांत वाईट शोधांच्या यादीत त्याला बसवलं. हा सगळा राग चुकीच्या जागी निघाला असं आता म्हणता येतं. टी-पेननं कोणालाही फसवलं नव्हतं. यंत्राचा आवाज यंत्राचाच म्हणून समोर ठेवला होता, आणि २०१४ साली एनपीआर या रेडिओसंस्थेच्या छोटेखानी मैफलीत तो यंत्राशिवाय गायला तेव्हा तो उत्तम गातो हेही लोकांना कळलं. बालगंधर्व रंगमंचावर येत तेव्हा शालूखाली पुरुष आहे हे प्रेक्षागृहात सगळ्यांना ठाऊक असे, आणि रसभंग कोणाचा होत नसे. उघड सोंगाशी रसिकाचं कधी भांडण नसतं. प्रश्न निर्माण होतो तो मंद खुंटीचा, जी कोणाच्या कानी येत नाही.

त्या दडवलेल्या दुरुस्तीवर लोक चिडले ते २०१० साली ब्रिटनमध्ये. 'द एक्स फॅक्टर' या गायनस्पर्धेच्या प्राथमिक फेरीचा भाग दाखवला गेला तेव्हा काही उमेदवारांचे आवाज सुधारून घेतल्याचं प्रेक्षकांच्या कानांनी पकडलं. निर्मात्यांनी ध्वनीवर नंतर काम केल्याचं मान्य केलं आणि पुढच्या भागांत ते थांबवलं गेलं. प्रेक्षकांचा संताप इथे रास्त होता. जिथे स्पर्धाच गळ्याची आहे तिथे गळा बदलून दाखवणं म्हणजे निकालात ढवळाढवळ. आपल्याकडच्या वाहिन्यांवरच्या गायनस्पर्धांनाही हाच नियम हवा, आणि त्याबाबत मला कसलीही सूट मान्य नाही. पण ध्वनिमुद्रित गाणं ही स्पर्धा नसते. त्याला तोच न्याय लावायला गेलं की फसगत होते. अमेरिकी गायिका अ‍ॅलिसन मूरर हिच्या २००२ मधल्या अल्बमवर, यात कुठेही स्वरदुरुस्ती केलेली नाही, अशी चिठ्ठी डकवलेली होती. बाणा चांगला आहे. तरीही ती चिठ्ठी त्या एका अल्बमबद्दलच बोलते. जिच्यावर चिठ्ठी नाही त्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेबद्दल ती फक्त संशय मागे ठेवते. काय केलं, कोणी केलं, बरं केलं की वाईट, यांतलं काहीच सांगत नाही.

आता पार्श्वगायन. १९३५ साली न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'मध्ये ते हिंदीत पहिल्यांदा आलं असं मानलं जातं. त्याआधी नटानं स्वतः गावं ही रीत होती; म्हणून तर सैगल नट होते आणि गायकही. पडद्यावर ओठ एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा ही आजच्या अर्थानं अगदी चोख फसवणूक होती, कारण ती सांगितली जात नव्हती. १९४९ मध्ये 'महल' आला. खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेल्या त्याच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव! गायिल्या होत्या लता मंगेशकर. हे गाणं म्हटलंय कोणी, अशी विचारणा रेडिओकडे होऊ लागली आणि मग खरं नाव श्रोत्यांपर्यंत पोचलं. पुढे लताबाईंनी हा मुद्दा धसास लावला. 'चोरी चोरी'च्या संगीताला फिल्मफेअर पारितोषिक मिळालं तेव्हा समारंभात त्यातलं गाणं गायला त्यांनी नकार दिला, कारण पारितोषिक संगीतकाराला होतं, गायकाला काहीच नव्हतं. पार्श्वगायनाचं पहिलं फिल्मफेअर १९५९ मध्ये त्यांनाच, 'मधुमती'तल्या गाण्यासाठी मिळालं. या दहा वर्षांत काय झालं? पार्श्वगायन बंद झालं नाही, उलट वाढलं. ओठ नटीचेच राहिले, आवाज दुसरीचाच राहिला. बदललं ते इतकंच की आवाज कोणाचा ते सांगितलं जाऊ लागलं. त्याबरोबर फसवणुकीचा प्रश्न विरला आणि खरा प्रश्न पुढे आला: ही गायिका कशी गाते? त्या प्रश्नावर आपण पाऊणशे वर्षं आनंदानं भांडत आलो आहोत.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा. पार्श्वगायिका गाणं गाते. ठिपके हलवणारा तंत्रज्ञ गात नाही. तो गायकाचीच चूक पुसतो. त्याचं नाव द्यायचं तर मुद्रितशोधकाचंही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर द्या. हा आक्षेप वजनदार आहे आणि ज्या ठिकाणी स्वर खरोखरच कणसूर लागलेला आहे, सगळ्यांना तो खटकतो आहे, तिथे तो मला मान्यही आहे. पण असे ठिपके थोडे. उरलेल्यांचं काय, ते पाहण्यासाठी एकच स्वर घेऊ: शुद्ध गांधार. पेटीवरच्या दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एका भागाला सेंट म्हणतात. पेटीचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गांधार ३८६ सेंटांच्या आसपास असतो, म्हणजे पेटीहून चौदा सेंटांनी खाली. तंबोऱ्यावर घडलेला गायक साहजिकच त्या खालच्या गांधाराकडे जातो. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर त्याचा ठिपका रेघेच्या खाली दिसतो, 'उतरलेला'. तो वर उचलायचा की राहू द्यायचा? मागे कीबोर्डचे लांब सूर धरलेले असतील तर खालचा गांधार त्यांच्याशी घासेल. मागे नुसता तंबोरा आणि बासरी असेल तर वर उचललेला गांधार टोचेल. अर्ध्यावर ठेवायचा हाही पर्याय असतो. यातला कुठलाही पर्याय चूक पुसण्याच्या सदरात मोडत नाही. गाण्याचा वर्ण काय असावा, त्याचा हा निवाडा आहे आणि गाण्यात असे निवाडे शेकड्यांनी होतात.

कोमल गांधार तर आणखी अवघड. पेटीवर तो ३०० सेंटांवर. सहास पाच या प्रमाणातून काढला तर ३१६ च्या जवळ. आणि दरबारी कानड्यातला गांधार कोमलाहूनही उतरता, शिवाय आंदोलित. त्याची जागा सांगायची तर एक आकडा पुरत नाही. तो खालून वर, वरून खाली असा सावकाश झुलतो आणि त्या झुलण्यातच दरबारी असतो. सॉफ्टवेअर या झुलण्याची सरासरी काढून ठिपक्याचा मध्य दाखवतं. मध्य रेघेवर आणला आणि हलणं 'जरा आवरलं' की स्वर निर्दोष होतो, राग नाहीसा होतो. मींडेचं तसंच. पंचमावरून गांधारावर घसरत येणारा आवाज यंत्राच्या वेगवान खुंटीत सापडला की त्याच्या पायऱ्या होतात. मंद खुंटीत मींड वाचते, पण तिचा शेवट कुठे टेकवायचा ते पुन्हा कोणीतरी ठरवतंच. कणस्वर, खटका, मुरकी यांचे ठिपके इतके चिमुकले असतात की सॉफ्टवेअर कधी कधी दोन-तीन स्वरांचा एकच ठिपका करतं आणि तो फोडायचा कुठे, हे ज्याच्या कानाला मुरकी कळते त्यालाच कळतं.

स्वर मोजून पक्का करण्याची ही हौस आपल्याला परकी आहे असंही नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची मोजदाद करून १९१० साली इंग्रजीत पुस्तक काढलं. ई. क्लेमंट्स या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्यानं ती धरून खास श्रुतींची पेटी बनवून घेतली, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा या मंडळींना आधार होता. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या मोजमापावर वाद झाला; संगीतशास्त्रकार भातखंड्यांना ते पटलं नव्हतं. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी आपल्या काळात बावीस श्रुतींची पेटी पुन्हा घडवली. पण गायक-वादक प्रत्यक्षात काय करतात हे यंत्रानं मोजून पाहिलं तेव्हा वेगळंच दिसलं. जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत कलावंतागणिक स्वराची जागा बदलत होती; एवढंच काय, एकाच कलावंताच्या एकाच सादरीकरणातही ती बदलत होती. पुढे मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रणांचे स्वरालेख काढले. ते पाहताना डोळ्यांना ठिपका सापडतच नाही. सगळी वळणं आणि उतार. म्हणजे सुरेल गाणं हे बारा रेघांवर बसत नाही, तसं बावीस रेघांवरही बसत नाही. संदर्भ पाहून दर वेळी जागा ठरवावी लागते. तोच तर रियाज असतो. आज त्या ठरवण्यातला मोठा वाटा गळ्याकडून माउसकडे गेलेला आहे. माउस धरणारा जाणकार असेल तर गाणं उजळतं, नसेल तर सगळी गाणी एकाच इस्त्रीतून निघाल्यासारखी होतात. मात्र त्याचं कौतुक किंवा त्याला बोल लावायचा तर आपल्याकडे नावच नाही.

कोणी म्हणेल, दरबारीचं काय घेऊन बसलात, चित्रपटगीत म्हणजे ख्याल नव्हे. शिवाय पेटी, ऑर्गन, पियानो अकॉर्डियन, गिटार यांनी बारा स्वर आपल्या कानांत केव्हाच पक्के केले. ऑटो-ट्यूननं नवीन काय केलं? अर्धं खरं आहे. पेटीनं फरक केलाच. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला बंदी केली ती तिचे ठोकळेबाज स्वर आपल्या संगीताला मारक आहेत याच युक्तिवादावर, आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. तेवढ्या काळात भजनी मंडळांनी, कीर्तनकारांनी, नाट्यसंगीत गाणाऱ्यांनी पेटी सोडली काय? बंदीनं फक्त नभोवाणीवरचे पेटीवाले उपाशी राहिले. म्हणून स्वरदुरुस्तीवर बंदी मागणाऱ्यांच्या रांगेत मी नाही. पण पेटी आणि हे सॉफ्टवेअर यांत एक मूलभूत फरक आहे. पेटी गायकाच्या शेजारी वाजते. गायक तिच्याशी जुळवून घेतो, तिला टाळतो, तिच्या दोन पट्ट्यांमधून निसटतो. आणि पेटीवाला कोण, हे समोर दिसत असतं. सॉफ्टवेअर गायक घरी गेल्यावर कामाला लागतं. निसटलेल्या जागा तेव्हा परत धरून आणल्या जातात आणि गायकाला त्या गाणं प्रसिद्ध झाल्यावर ऐकू येतात. आणि चित्रपटगीताला या बारकाव्यांची गरज नाही म्हणणाऱ्यानं पन्नाशी-साठीच्या दशकांतली कुठलीही चार गाणी ऐकावीत. ती टिकली आहेत ती या जागांवरच.

त्या काळाबद्दल मात्र एक भाबडेपणा टाळायला हवा. तेव्हाही गाणं 'जसं गळ्यातून आलं तसं' नव्हतं. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत मिनू कात्रक ध्वनिमुद्रण करत तेव्हा गायिका आणि सबंध वाद्यवृंद एकाच वेळी वाजत असे. एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. एका गाण्याचे कितीतरी टेक होत. स्वराची दुरुस्ती तेव्हाही होतच होती, फक्त ती पुन्हा गाऊन होत असे. संगीतकार काचेपलीकडून सांगे, तो गांधार जरा खाली घ्या, आणि गायिका तो घेऊन दाखवी. दुरुस्ती सुचवणारा आणि करणारी, दोघांचीही नावं तबकडीवर असत, 'कामिनी'चा प्रकार संपल्यावर तर नक्कीच. पुढे मल्टीट्रॅक आलं, ओळीओळीनं पंच करून गाणं जोडणं आलं, आणि दहा टेकांतले बरे तुकडे निवडणाऱ्याचा हात गाण्यात शिरला. स्वरदुरुस्ती ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. गायक आज तासाभरात गाऊन जातो. संगीतकार कित्येकदा त्या शहरातही नसतो. काचेपलीकडचा तो 'जरा खाली घ्या' म्हणणारा कान आता रात्री दोन वाजता हेडफोन लावून एकटा बसलेला असतो, आणि खाली घेतोही तोच.

कायदा या माणसाला ओळखत नाही, पण त्याच्या कामाच्या अगदी जवळून जातो. २०१२ च्या दुरुस्तीनं भारतीय कॉपीराइट कायद्यात ३८ब हे कलम आलं. त्यानुसार सादरकर्त्याला दोन नैतिक हक्क मिळाले: आपलं नाव सांगितलं जावं हा एक, आणि आपल्या सादरीकरणाची नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड होऊ न देण्याचा दुसरा. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र निव्वळ तांत्रिक कारणांसाठी केलेला बदल या मोडतोडीतून वगळलेला आहे. आता गायिकेचा ३८६ वरचा गांधार उचलून ४०० वर ठेवणं हे निव्वळ तांत्रिक कारण का? टेपवरची खरखर काढणं तांत्रिक, हे कोणीही मान्य करील. आंदोलन सपाट करणं तांत्रिक कसं? या प्रश्नाची तड न्यायालयातच लागायची असेल तर लागो, पण बदल कोणी केला आणि कोणाच्या सांगण्यावरून, याची नोंदच नसेल तर वाद मांडायचा कशावर? त्याच कायद्यातली सादरकर्त्याची व्याख्याही पाहण्याजोगी आहे. चित्रपटात ज्याचा सहभाग किरकोळ स्वरूपाचा आहे आणि उद्योगाच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, तो बहुतेक हक्कांपुरता सादरकर्ताच धरला जात नाही. श्रेयनामावली हा केवळ सौजन्याचा मामला नाही, हे इथे कायद्यानंच सांगून टाकलं आहे.

२०२४ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेल्या नकलांविरुद्ध त्यांना संरक्षण दिलं. त्याच वर्षी 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटात ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज त्याच तंत्रानं वापरले, आणि वापरताना ते जाहीर केलं. कुटुंबीयांची परवानगी घेतल्याचं आणि मोबदला दिल्याचंही सांगितलं. टीका झालीच, पण ती काय केलं ते माहीत असलेल्या लोकांनी केलेली टीका होती. गंमत अशी की गायकाचा आवाज बाहेरच्यानं चोरला तर आता न्यायालय धावून येतं, मेलेल्या गायकाचा आवाज वापरला तर संगीतकार खुलासा करतो, आणि जिवंत गायकाच्या आवाजातला स्वरन्‌स्वर हलवला तर कोणी कोणाला काही सांगायचं नसतं.

सगळ्यात प्रामाणिक आक्षेप गायकांकडून येईल. दुरुस्ती करणाऱ्याचं नाव छापलं की लोक म्हणणार, बघा, याला गाता येत नाही. ही भीती खोटी नाही. पण ती नाव न छापण्यामुळेच जिवंत आहे. एकाच गाण्यावर नाव आलं तर ते बोट दाखवल्यासारखं होईल. सगळ्या गाण्यांवर आलं तर मिक्सिंगच्या नावाकडे पाहतो तसं लोक पाहतील. गळ्यानं चांगला असलेल्या गायकाचा तर त्यात फायदाच आहे, कारण आज त्याचा अस्सल सूरही दुरुस्तीच्या संशयाखाली आहे. चित्रपटसंगीतात नावं गाळण्याची किंमत कोणी मोजली, ते गोव्याच्या लोकांना विचारावं. सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस अशा गोवेकर अरेंजरांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाची भाषा दिली, नोटेशन लिहून दिलं, आणि पडद्यावर त्यांची नावं आली नाहीत, आली तर क्वचित. माजोर्ड्याच्या गोन्साल्विस यांचं नाव घराघरांत पोचलं ते १९७७ साली 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यातून, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या गुरुदक्षिणेमुळे, आणि तेही एका काल्पनिक पात्राचं नाव म्हणून! एका गुरूला शिष्याची कृतज्ञता लाभली म्हणून एवढं तरी झालं. बाकीच्यांची कामगिरी संशोधकांना म्हाताऱ्या वादकांच्या मुलाखती घेत फिरून गोळा करावी लागली. ठिपके हलवणाऱ्यांच्या बाबतीत पन्नास वर्षांनी तसंच करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

दुरुस्ती करणाऱ्याचं नाव देणं अवघड नाही. स्ट्रीमिंगच्या सेवांवर श्रेयाची वेगळी पाटी आताच असते, चित्रपटाच्या शेवटी धावणाऱ्या यादीत चहा देणाऱ्यांचीही नावं येतात. तिथे 'स्वरसंपादन' अशी एक ओळ वाढवायची. दोघांनी मिळून केलं तर दोघांची नावं, गायकानंच बसून करून घेतलं तर गायकाचं. तसं करणारे गायक आहेत आणि ते मला सर्वांत योग्य वाटतं. काही गाण्यांत ठिपके पाहायला कोणी बसतच नाही, पट्टी निवडून ट्रॅक स्वयंचलित दुरुस्तीवर सोडून देतात. वेळ नसतो, पैसे नसतात, उद्या गाणं द्यायचं असतं. अशा गाण्यांच्या त्या ओळीत संगीतकाराचं नाव घालावं, कारण सोडून देण्याचा निर्णय त्याचा असतो आणि त्या गांधाराचा जाबही त्यालाच विचारला जायला हवा.